भाऊ पडले, पण कशामुळे ते तरी नीट बोलूया

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा रिझल्ट लागला आणि दुपारचं जेवण व्हायच्या आत आमच्या पट्ट्यात सगळ्यांना कळलं की भाऊ पडले. मतदारसंघ कुठला, पक्ष कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. एकतर ओळखणारे ओळखतीलच, आणि दुसरं म्हणजे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत असा एखादा भाऊ, दादा नायतर अण्णा प्रत्येक तालुक्यात कधी ना कधी पडलेला आहे, त्यामुळे नावानं काही बिघडत नाही. आधी सरपंच, मग पंचायत समिती, मग दोन टर्म जिल्हा परिषद. स्वतःची ठेकेदारी नाही (हे कोकणात दुर्मिळ आहे हां), आणि रात्री अकराला फोन केला तरी स्वतः उचलणार, पीएच्या हातात फोन नाही. असा माणूस आमदारकीला उभा राहिला आणि पडला, तोही थोडक्यात नाही, चांगला हजारांनी पडला.

तेव्हापासून बाजारात, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये जो तो कारण सांगतोय. पैसा कमी पडला. चिन्ह घराघरात पोचलं नाही. मुंबईकर आले नाहीत. लाडकी बहीण चालली. आपल्याच माणसांनी आतून दुसऱ्याचं काम केलं. आता ह्यातलं खोटं काहीच नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे आणि ती खरोखर पाळलेला अख्ख्या मतदारसंघातला एकमेव उमेदवार बहुतेक भाऊच असतील. लाडकी बहीणचे महिना १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, आणि २०११ च्या जनगणनेत राज्यात ज्या दोनच जिल्ह्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या ते दोन जिल्हे म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, तेव्हा त्याचा परिणाम इथं होणारच. आणि २० नोव्हेंबरला मुंबईतही त्याच दिवशी मतदान होतं, म्हणजे ज्याचं नाव गावाकडच्या यादीत आहे त्यानं बुधवारची सुट्टी खर्चून रात्रभर गाडीत बसून यायचं की नाही हा प्रश्न होता, आणि ज्या उमेदवाराकडनं गाड्यांची सोय झाली त्याचे मुंबईकर आले. हे काय लिहायला नको, सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय आपल्याकडं अशी बारकी कारणं चिकटून बसतात कारण कोकणात निवडणुका खरंच बारक्या फरकानं लागलेल्या आहेत. २००९ ला कणकवलीत भाजपचे प्रमोद जठार ३४ मतांनी आले. २०१४ ला श्रीवर्धनला अवधूत तटकरे ७७ मतांनी. त्याच वर्षी लोकसभेला रायगडात सुनील तटकरे अनंत गीत्यांकडनं २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाचा दुसरा सुनील तटकरे म्हणून जो अपक्ष उभा होता त्यानं ९,८४९ मतं नेली. एवढं डोळ्यासमोर घडलेलं असताना माणूस म्हणणारच की दोन गाड्या जास्त आल्या असत्या तर, एक वाडी फुटली नसती तर. पण ही सगळी चौतीस मतांची कारणं झाली, हजारांची नव्हेत. हजारांनी पडायला काहीतरी मोठं लागतं.

माझं म्हणणं असं आहे की आपण विधानसभेला आमदार निवडतच नाही. आपण जिल्हा परिषदेचाच एक मोठा मेंबर निवडतो, जो पाखाडी (म्हणजे वाडीतली पायवाट) आणेल, साकव (म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल) आणेल, देवळासमोरचा सभामंडप आणेल. आणि त्या कामात सत्तेतल्या आमदारासमोर कुठलाही स्थानिक माणूस टिकूच शकत नाही, मग तो कितीही चांगला असो. उलट त्याचं चांगलेपणच कुचकामी ठरतं, कारण तो ज्या कामात चांगला आहे तेच काम दुसरा दहापट पैशानं करून दाखवतो.

एक वाडी सांगतो. रिझल्टनंतर आठवडाभरानं भाऊंकडं गेलो तर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून बूथनिहाय मतांचे कागद घेऊन बसलेले, कुठल्या बूथवर किती पडली त्याच्यावर लाल पेनानं खुणा. एका बूथवर पेन थांबलं. त्या वाडीत पूर्वी व्हाळावर (ओढ्यावर) साकव नव्हता, पावसात पोरांना शाळेत जायला लांबनं फिरून जावं लागायचं नायतर पाणी चढलं की दांडीच. भाऊंनी जिल्हा परिषदेत असताना तीन पावसाळे भांडून तो साकव आणला, म्हणजे इस्टिमेट परत आलं, मग जागेचं ना हरकत पत्र एका मुंबईत राहणाऱ्या हिस्सेदाराच्या सहीसाठी अडलं, तर हे स्वतः त्याच्या चाळीत जाऊन सही घेऊन आले. तो साकव आजही आहे, मोटारसायकल जाते वरनं. त्या बूथवर भाऊंना समोरच्याच्या निम्मी पण मतं नाहीत. कारण काय तर निवडणुकीच्या आधी सहा महिने आमदारांनी तिथल्या देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता दिला आणि पुढच्या पाखाडीचं नारळ फोडून गेले.

त्याच वाडीतल्या एका माणसाला मी विचारलं, चांगला ओळखीचा आहे, भाऊंना मानतो सुद्धा. तो सरळ म्हणाला, “भाऊंका मत देवन आमी काय करतलंव? जिल्हा परिषद तर बंदच आसा, आणि आमदार झाले तरी सत्तेत नाय, मग करतले काय?”

ह्यावर लोक म्हणतात बघा, कोकणातला माणूस उपकार विसरतो, विकला जातो वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. त्या माणसानं एकदम बरोबर हिशोब केलेला आहे. त्याच्या जागी मी असतो, घरात म्हातारी आई आणि दवाखान्यात न्यायला रस्त्यापर्यंत तिला खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून न्यावी लागत असती, तर मी पण तोच हिशोब केला असता. चूक हिशोबात नाहीच, हिशोब करायला जी परिस्थिती लावून ठेवली आहे तिच्यात आहे.

“जिल्हा परिषद तर बंदच आसा” हे तो जे म्हणाला ना, ते नीट ऐकण्यासारखं आहे. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. राज्यघटनेच्या २४३-ई कलमात स्वच्छ लिहिलंय की पंचायतींची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात, जिल्हा परिषदेच्या गटांची, म्हणजे तिच्या मतदारसंघांची, संख्या किती हा प्रश्न कोर्टात, सरकार बदललं की आधीच्या सरकारनं वाढवलेले गट परत कमी, ह्या भानगडीत सगळं लटकलं ते शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की आता घ्या निवडणुका. म्हणजे विधानसभेचं मतदान झालं तेव्हा अडीच वर्षांहून जास्त काळ जिल्ह्यात एक पण जिल्हा परिषद सदस्य नव्हता, पंचायत समितीचा सभापती नव्हता. होते ते माजी. भाऊ पण माजीच.

आता सदस्य नसला की काय होतं ते गावात राहणाऱ्याला विचारा. शाळेला शिक्षक नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, नळपाणी योजनेची मोटर जळली, कुणाकडं जायचं? पूर्वी सदस्याला धरायचे, तो सर्वसाधारण सभेत आरडाओरडा करायचा, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं, अधिकाऱ्याला जरा तरी लाज वाटायची. प्रशासक बसल्यावर गटविकास अधिकाऱ्याकडं गेलात तर ते अगदी गोड बोलायचे आणि म्हणायचे, आमदारसाहेबांचं एक पत्र आणा ना, म्हणजे मला सोपं जाईल. झालं. सगळे रस्ते एकाच दारात.

आणि पैशाचं तर त्याहून वाईट. जिल्ह्याचा विकासाचा पैसा कुठं खर्च करायचा हे जिल्हा नियोजन समिती ठरवते. घटनेप्रमाणं ह्या समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या लोकांमधनं, त्यांनीच निवडलेले असायला पाहिजेत. घटना लिहिणाऱ्यांना (म्हणजे ७३ वी, ७४ वी दुरुस्ती करणाऱ्यांना) हे नक्की कळलेलं होतं की पालकमंत्री आणि कलेक्टर दोघंच बसले तर काय होईल. पण जिल्हा परिषदच नाही म्हटल्यावर ते चार पंचमांश येणार कुठनं? मग समितीत राहिलं कोण, तर पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. त्याच्यावर आमदाराचा स्वतःचा फंड वर्षाला पाच कोटी. त्याच्यावर ग्रामविकास खात्याचा तो प्रसिद्ध ‘पंचवीस पंधरा’, म्हणजे २५१५ हेडखालचा मूलभूत सुविधांचा पैसा, जो आमदारानं सुचवलेल्या कामांना मिळतो आणि कुठल्या आमदाराला किती मिळतो ते तो कुठल्या बाकावर बसतो त्यावर असतं. २०२२ ला सरकार बदललं तेव्हा आधी मंजूर झालेल्या कामांना स्थगिती आली होती ते विसरलात काय? गावोगावी वर्क ऑर्डर निघालेली कामं थांबली. त्या दिवशी वाडीवाडीतला माणूस एक धडा शिकला की सत्तेतला आमदार असेल तर पाखाडी, नसेल तर स्थगिती. आणि हा धडा घेऊन तो २०२४ ला बूथवर गेला.

मग अशा माणसासमोर भाऊ काय घेऊन गेले? इथं मात्र मी भाऊंना सोडणार नाही. त्यांनी कार्य अहवाल छापला. चकचकीत कागद, सोळा पानं, प्रत्येक पानावर साकव, शाळेची कंपाउंड वॉल, स्मशानशेड, आणि शेजारी हात जोडलेले भाऊ. मी प्रचारात त्यांच्या बऱ्याच खळा बैठकांना बसलोय, सगळीकडं तेच. मी हे केलं, मी ते केलं. समोर बसलेला माणूस मनात म्हणत असणार, केलंत खरं, पण ह्यापेक्षा जास्त तर ते करतायत. दुसऱ्याच्या पिचवर, दुसऱ्याच्याच अंपायरसमोर बॅटिंग करायला गेले आणि मग म्हणतात आउट दिलं.

एकाही बैठकीत विधानसभेत जाऊन काय बोलणार हे आलं नाही. लोकांनी विचारलं नाही हे खरं, पण उमेदवारानं पण काढलं नाही. आमच्या किनाऱ्यावर पर्ससीनवाले (मोठ्या बोटीनं मोठं जाळं टाकून माशांचा थवाच घेरणारे) आणि पारंपरिक रापण-गिलनेटवाले (साध्या जाळ्यांचे छोटे मच्छीमार) ह्यांची भांडणं समुद्रात होतात, बोटी पकडून आणतात, दगडफेकी झाल्यात. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्य सरकारच्या कायद्याखाली येतो, १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, २०२१ मध्ये दुरुस्त झालेला. दंड किती, गस्तीनौका किती, परवाना अधिकारी कुणाच्या जिवावर बोट अडवणार, हे सगळं मुंबईत नायतर नागपुरात विधिमंडळात ठरतं, जिल्हा परिषदेत नाही आणि दिल्लीतही नाही. १९७५ च्या खाजगी वनं संपादन कायद्यामुळे सातबाऱ्यावर वनाचा शेरा पडलेले किती शेतकरी आहेत, ज्यांना स्वतःच्या जागेत काजू लावायला, घर बांधायला भीती वाटते. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळच्या कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न किती सरकारं आली-गेली तरी लोकांच्या तोंडात आहेच. हे खरे आमदाराचे विषय. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक, ही आमदाराची हत्यारं. भाऊंना ह्यातलं मासेमारीचं भांडण तर अगदी तोंडपाठ होतं, त्यांनी स्वतः मिटवलेली प्रकरणं आहेत. पण चकचकीत अहवालात त्याला एक ओळ नाही, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

आणि “सत्तेत नाय तर करतले काय” ह्याचं उत्तर कोकणातच पडलेलं आहे, बाहेर शोधायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांचं आयुष्य कशानं बदललं सांगा बरं? खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ता, गेली म्हणून बदललं. अलिबाग तालुक्यात चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून, जमीन पडीक ठेवली, उपाशी राहिले पण खोताला बधले नाहीत. आणि १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते सत्तेत होते का? नव्हते. स्वतंत्र मजूर पक्ष विरोधी बाकावर होता. विधेयक पास झालं का? नाही झालं. पण पुढच्याच जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच मागणीसाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, विषय काही केल्या मेला नाही, आणि १९४९ ला खोती रद्द करणारा कायदा आला, कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारा कूळ मालक झाला. आज ज्या जागेत आपण हापूसची कलमं लावून बसलोय त्यातल्या कितीतरी जागा त्या कायद्यानं आपल्या झाल्यात. एक पण पाखाडी न देता, विरोधी बाकावर बसून.

इथं काही जण लगेच म्हणतील, ते दिवस वेगळे, तेव्हा नाथ पै, मधु दंडवते असे खासदार होते, लोक विचारांना मत द्यायचे. असं काही नाही हो. दंडवते १९७१ पासून राजापूरचे खासदार, कोकण रेल्वेसाठी ज्यांनी जन्मभर घसा कोरडा केला त्यांतलं पहिलं नाव, १९९० ला रेल्वेचं महामंडळ स्थापन झालं आणि १९९१ ला ह्याच मतदारांनी त्यांना पाडलं, सुधीर सावंतांना निवडून दिलं. तेव्हा पूर्वीचा मतदार फार थोर आणि आताचा विकाऊ, ही गोष्ट सांगायची आपण बंद करूया. पूर्वी दाराशी यायला आमदार फंडाचा नारळ नव्हता, एवढा फरक नक्की होता.

अजून एक गोष्ट भाऊंच्या हातात नव्हती ती सांगायलाच पाहिजे. जिल्हा परिषदेचा गट म्हणजे पंधरा-वीस गावं, तिथं भाऊ प्रत्येक घरातल्या माणसाला नावानं ओळखतात. विधानसभेला काय, २००८ च्या फेररचनेत रत्नागिरीच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. अकराच्या आठ. माणसं मुंबईला गेली, लोकसंख्या तिकडं मोजली गेली आणि जागा पण तिकडं गेल्या. राहिलेले मतदारसंघ केवढे झाले बघा, कणकवलीच घ्या, देवगड, कणकवली, वैभववाडी तीन तालुके, एका टोकाला विजयदुर्गची खाडी आणि दुसऱ्या टोकाला करूळचा घाट. इकडच्या बंदरावरच्या माणसाचे प्रश्न वेगळे आणि घाटाखालच्या ऊस-काजूवाल्याचे वेगळे. त्यात स्थानिक नेता म्हणजे फक्त त्याच्या तालुक्यात स्थानिक. शेजारच्या तालुक्यात त्याला कोण ओळखतो? तिथं तो चिन्ह आणि बॅनर, बस. एवढ्या मोठ्या मुलखात पंधरा दिवसांत पोचायचं तर गाड्या लागतात, माणसं लागतात, आणि मग परत पैशाच्याच गोष्टीवर येतो आपण. पुढची फेररचना होईल तेव्हा आपल्या वाट्याला अजून काय येतंय देव जाणे.

मोठ्या नेत्याचं तसं नसतं. नारायण राणे २०१४ ला कुडाळात वैभव नाईकांकडनं १०,३७६ मतांनी पडले, पुढच्या वर्षी वांद्रे पूर्वची पोटनिवडणूक पण हरले, मग विधान परिषद, राज्यसभा, केंद्रात मंत्री आणि २०२४ ला लोकसभा. राजकारणात असं परत उभं राहता येतं, त्यात वाईट काही नाही, जिद्द लागते. पण त्यासाठी परत चढायला शिडी लागते. जिल्हा परिषदेच्या माणसाची शिडी म्हणजे जिल्हा परिषदच, आणि तेव्हा तीच काढून घेतलेली. पडला की थेट घरी. म्हणून मग पडलेला प्रत्येक जण दोन-चार महिन्यांत सत्तेच्या पक्षाकडं तोंड करतो. राजापूरला तीनदा आमदार राहिलेले राजन साळवी २०२४ ला पडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये शिंदे सेनेत गेले. लोक हसले, मीम्स आले. पण जरा विचार करा, आमदाराला जर पाखाड्या आणण्यासाठीच निवडायचं असेल तर विरोधी पक्षात राहून तो माणूस पाच वर्षं करणार काय? आपणच त्याला सांगितलेलं असतं की तुझं काम पाखाडी. कार्यकर्ते पण तेच सांगतात, भाऊ, तिकडं जाऊया, इथं राहून पोरांना कामं मिळत नाहीत. भाऊंच्या खळ्यात मी असताना दोघं हेच सांगायला आलेले. भाऊ ऐकत होते, हो पण नाही आणि नाही पण नाही.

आता माझं जे म्हणणं आहे, की आमदाराचा फंड काढून जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीकडं द्यावा, त्यावर आक्षेप येणार ते माहीत आहे. आमदाराचा फंड काढून घ्या म्हणतोस, मग वाडीत येणारं जे थोडंफार येतंय ते पण बंद होईल. अहो, हिशोब करून बघा. अडीचशे गावांचा मतदारसंघ धरला तर पाच कोटी म्हणजे गावाला दोन लाख. दोन लाखांत किती पाखाडी होते ते कुठल्याही गवंड्याला विचारा. आणि ते पण सगळ्यांना मिळत नाहीत, ज्याचा बूथ बरोबर लागला त्याला आधी. हे कसं कळतं? तर भाऊंच्या हातात होते तेच कागद आमदारांच्या पण हातात असतात. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीच्या आधी वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र मिसळायची नियमात सोय होती, कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळू नये म्हणून. मशीन आलं आणि प्रत्येक बूथचा आकडा उघडा पडला. निवडणूक आयोगानं २००८ मध्येच टोटलायझर सुचवलं, म्हणजे चौदा मशीनची मतं एकत्रच मोजायची, वेगळी दिसायचीच नाहीत. २०१५ ला लॉ कमिशननं पण तेच सांगितलं. केंद्र सरकारनं विरोध केला आणि विषय पडून राहिला. शहरात ह्याचं महत्त्व कळणार नाही, पण आमच्याकडं एक बूथ म्हणजे एक-दोन वाड्या, पाचसहाशे मतं, त्यात मुंबईकर वजा केले तर कुणी कुणाला दिलं ते भावकीला सुद्धा बोटावर मोजता येतं. मत गुप्त आहे असं म्हणायचं नुसतं.

दुसरा आक्षेप, जिल्हा परिषदवाले तरी कुठं धुतल्या तांदळाचे होते? नव्हतेच. टक्केवारी तिथं पण होती, टेंडरं तिथं पण वाटून घ्यायचे. पण त्या माणसाला शिमग्यात पालखीसमोर सगळ्या गावादेखत विचारता यायचं, की काय रे, त्या विहिरीचं काय झालं. आमदार शिमग्याला येतो तो पाच मिनिटं, फोटो काढून पुढच्या गावाला. आणि प्रशासकाला तर विचारणार कोण? तो पालखीला पण येत नाही, आणि त्याची बदली झाली की दुसरा येतो तो म्हणतो फाइल बघून सांगतो.

म्हणून मला वाटतं वाडीचं काम आमदाराकडनं काढून जिथलं तिथं द्यायला पाहिजे. फंड जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीकडं, जिल्हा परिषदेची निवडणूक मुदतीत, आणि सदस्य नसतील तोवर नियोजन समितीनं नवी कामं मंजूरच करायची नाहीत, म्हणजे निवडणुका लांबवण्यात कुणाला फायदा राहणार नाही. असं झालं तर आमदारकीला उभा राहणाऱ्याला काहीतरी वेगळं बोलावंच लागेल. तरी भाऊ पडतील कदाचित. पण मग ते समुद्राच्या कायद्यावर पडतील नायतर सातबाऱ्यावरच्या शेऱ्यावर पडतील, आणि त्यावर निदान त्यांच्याशी भांडता तरी येईल.

हे सगळं होईपर्यंत काय? भाऊंना मी एवढंच सांगितलं की तिकडं जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण आधी माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. एक, मार्च २०२२ पासून जिल्हा नियोजन समितीच्या झालेल्या सगळ्या बैठकांची इतिवृत्तं. दुसरा, आपल्या तालुक्यातली पंचवीस पंधराची कामं, गाववार, मंजूर रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासकट. ह्याला सत्ता लागत नाही, दहा रुपयांचा स्टँप लागतो. पहिल्या अर्जाचं उत्तर आलंय, जाडजूड गठ्ठा आहे, दुसऱ्याला अजून नाही, अपिलात जावं लागेल असं दिसतंय. आलेला गठ्ठा ग्रामसभेत वाचायचा म्हणून भाऊंनी विषयपत्रिकेत तो विषय घ्यायला लेखी दिलंय. ग्रामसेवक म्हणतात साहेबांना विचारून सांगतो.